सेक्रेटरींचं फुकटचं फ्लोराइड

आमच्या परळच्या बिल्डिंगीचे सेक्रेटरी बोलायला भारी गोड. पाणी पुरेना, तेव्हा बोअरिंगचं पाणी पिण्याच्या टाकीत ह्यांनीच सोडलं. पुढे तपासणीत फ्लोराइड जास्त निघालं. पोरांच्या दातांना वाईट, हाडांनाही. तर मीटिंगमध्ये हे म्हणतात, "टूथपेस्टमध्ये पैसे मोजून घेता ना काकू? इथे नळाला फुकट!"

मी म्हटलं, "अहो, पेस्ट आपण थुंकतो!"

सगळे हसले, तेही हसले. पाणी मात्र तेच, आणि त्याला आता कैक वर्षं झाली.

परवा गणपतीपुढे सेक्रेटरी स्वतःच्या नातीचा फोटो काढत होते. पोरीचे नवे दात आलेत खडूसारखे, त्यांवर तपकिरी डाग. मोबाइल धरून हे गोड आवाजात म्हणाले, "बाळा, तोंड मिटून हस हं."