सासूबाईंचे ढीग

आमच्या सासूबाई मातीच्या डेपोवर तपासनीस आहेत. शहरात कुठेही इमारतीचा पाया खणला की उरलेली माती डंपरमधून त्यांच्या फाटकावर येते. ती कुठून निघाली, तिथे आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय फाटक उघडत नाही. प्रत्येक जागेच्या मातीचा वेगळा ढीग, त्यावर पाटी, आणि नमुना प्रयोगशाळेत. निकाल चांगला आला तर माती भरावाला किंवा बागेला, नाहीतर तिची वेगळी सोय. पूर्वी हीच माती गुपचूप ओढ्यात पडायची. आता पाडून दाखवा म्हणावं! डंपरवाले त्यांना 'फौजदारबाई' म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडतं.

मी त्यांचा जावई. जावयाचा मानपान विसरा. त्यांच्या दारात माझ्याही बुटांची झडती होते.

माझी बायको शाळेत शिकवते. शाळेचं मैदान म्हणजे नुसता खड्डा. जरा पाणी साचलं की पोरांची कवायत व्हरांड्यात. वर्षभर खेटे घालून तिने आईच्याच डेपोतला एक पास झालेला ढीग मैदानासाठी मंजूर करून घेतला. शनिवारी मैदान खुलं व्हायचं होतं. पालकांना बोलावणी गेली होती, पोरांची संघांवरून भांडणंसुद्धा उरकली होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात लोडरवाल्याला सफाईची हुक्की आली. साहेब पाहणीला येणार म्हणून त्याने डेपो चकाचक केला, आणि शेजारच्या ढिगाची पसरलेली माती लोटून शाळेच्या ढिगाला लावून टाकली. शेजारचा ढीग जुन्या रंगाच्या कारखान्याच्या जागेतला. त्याचा निकाल अजून यायचा होता.

सासूबाईंनी शाळेच्या ढिगावरची पाटी उपटली. "मिसळला म्हणजे अख्खा ढीग न तपासलेला. माती हलणार नाही."

संध्याकाळी स्वयंपाकघरात जुंपली.

"अगं आई, चार घमेली असेल ती! वरची काढून टाक ना."

"कुठपर्यंत काढू? तू रेघ दाखव, मी काढते."

"पोरांना काय तोंड दाखवू मी?"

"माझं नाव सांग."

"आई आहेस की वैरीण?"

मी म्हटलं, "जरा सबुरीनं घ्या." झालं! दोघी मिळून माझ्यावर घसरल्या.

शनिवारी बायकोने शाळेच्या फाटकात उभं राहून पालकांना परत पाठवलं. घरी येऊन ती ढसाढसा रडली आणि आईशी बोलणं टाकलं. मला सासूबाईंचा असा संताप आला होता म्हणता! त्या मात्र रोजच्यासारख्या कामावर जात होत्या, ढिगाचे जागोजागचे नमुने नव्याने पाठवत होत्या.

महिन्याभराने निकाल आला. दोन्ही ढीग स्वच्छ. बायको तडक डेपोवर गेली, मी मागोमाग.

"बघ! काही नव्हतं त्यात. उगाच अडवलंस."

"वाईट आहे असं मी म्हटलंच नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "माहीत नाही म्हटलं होतं. आता माहीत आहे. डंपर कधी पाठवू?"

बायकोने तिथल्या तिथे वार सांगितला. मैदान भरून झालं त्या दिवशी तिने आमच्या रांगत्या लेकीला नेऊन बरोबर मधोमध बसवलं. कार्टीने मूठभर माती उचलली ती थेट तोंडात! मी ओरडत धावलो.

बायकोने माझा हात धरला.

"असू दे," ती म्हणाली. "आईच्या फाटकातून आलीय ती."