नरेशची जुनी हार्ड डिस्क

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाच्या निमित्तानं उठून जाणारा माणूस. बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत नोकरी, दिवसभर तापमान नि प्रेशर मोजायचं काम. काटा दाखवेल ते खरं, बाकी सगळ्या बाता! म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली...

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं घर सातपाटीचं, मासेमारीचं. मी बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो, धाकटा भाऊ नरेश माझ्याकडेच असायचा. त्याला कॉम्प्युटरचं भारी वेड. एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला होता, तो चालवण्यापेक्षा उघडून बसायचाच जास्त. त्याची हार्ड डिस्क मरायला टेकली होती, सारखी कटकट वाजायची. म्हणून मुंबईहून नवी घेऊन आला — आणि त्याच आठवड्यात मामाच्या बोटीवर माणूस कमी पडला म्हणून दर्यावर गेला. जाताना म्हणाला, "दादा, हात नको लावू हां. आलो की दोघं मिळून बसवू."

बोट आली. नरेश आला नाही. वाऱ्यात जाळं ओढताना पाण्यात गेला. दातिवऱ्यापासून नवापूरपर्यंत किनारा पालथा घातला, काही मिळालं नाही.

देह मिळाला नाही तर आमच्याकडे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याशिवाय गेलेल्याची सुटका होत नाही म्हणतात. आई ऐकेचना. "मी नाय बघितला त्याला. तुमी कसला पुतळा करता?" भावकी घाई करत होती आणि आईनं जेवण सोडलं होतं. हिलाही गमावतो की काय, अशी भीती मला वाटायला लागली.

एका रविवारी दुपारी ती नवी डिस्क दिसली. म्हटलं, त्याचं एवढं तरी पुरं करू. कॅबिनेट उघडलं, केबल जोडली, जुनीतलं सगळं नवीत कॉपी केलं आणि जुनी काढून पेपरवर ठेवली. आई माझ्याकडे आली होती, तिनं ती सहज उचलली.

"ही डबी गरम हाय रे."

"आत्तापर्यंत चालू होती ना. होईल थंड."

नाही झाली. संध्याकाळी गरम, दुसऱ्या दिवशीही गरम... ना वायर, ना बॅटरी. कंपनीतून थर्मामीटर आणला. माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब! मग थर्मामीटरच तपासला, तोही ठीक. शेवटी शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवली, त्यांच्या पोरांच्या पेप्सीकोल्यांशेजारी. काढायला गेलो तर भोवतीचा बर्फ वितळलेला, आणि मागे आई उभी.

"बर्फात घातलास त्याला? तिथं पाण्यात कमी गारठला असंल काय?"

मी तिथंच, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात रडलो. आईनं डिस्क पदरात गुंडाळली आणि सातपाटीला घेऊन गेली.

पावसात बोटी बंद होत्या तोवर डिस्क तिच्या उशाशी होती. पुतळ्याचं नाव काढलं की म्हणायची, "गरम हाय तवर नाय." पण दोन घास खायला लागली होती. मी सुट्टीला गेलो की आधी डिस्कला हात लावायचो. गरम. काटे मोजणारा मी, पण खरं सांगतो, मीही त्याची वाट बघायला लागलो होतो.

नारळी पुनवेच्या आधी, बोटी परत दर्यात जायच्या आत, एका सकाळी आई पहिल्या एसटीनं बोईसरला आली. डिस्क माझ्या हातात दिली. गार लोखंड.

"रातभर छातीशी धरली," ती म्हणाली. "नाय झाली गरम. थकला माझा पोर. आता कर पुतळा."

केला. अग्नी मी दिला.

नंतर कंपनीतल्या साहेबांना विचारलं, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं. कोणी म्हणालं उन्हात राहिली असेल, कोणी म्हणालं आईच्याच अंगाची ऊब. मग फ्रीजरमध्ये कोणाचं अंग होतं?

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डिस्क माझ्या कपाटात आहे, तिच्याच लुगड्याच्या तुकड्यात. कपाट उघडलं की हात तिकडे जातोच. थंड असते. तरी थोडा वेळ हात तसाच ठेवतो... उगाच.