तांबड्या रंगाचा दात

१९७४ साल. माझं वय तेहतीस. भांडगावात बापूंच्या विहिरीवर ऑइल इंजीन खोलून बसलो होतो. पुन्हा जोडून तिसऱ्यांदा हँडल मारलं, तरी ते नुसतं फुसफुसत होतं. बापूंचा ऊस पाण्यावाचून माना टाकत होता.

फौजेत मी गाड्यांचा मेकॅनिक. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगानं डोळे गेले, हात राहिले. यवतला दुकान टाकलं. चौथी शिकलेला माणूस मी, पण इंजीन मला कानानं कळतं.

बरोबर नामदेव होता. शिरूरचा, तोफखान्यातला. त्याचेही डोळे त्याच लढाईत गेले. हॉस्पिटलात आमच्या खाटा शेजारी होत्या. घरी परतल्यापासून तो ओट्यावर बसून होता. मी हट्टानं त्याला आठ दिवस कामाला आणला. त्याच्या थोरल्या भावानं बजावलं होतं, "शनवारी बघाय येतो. जमलं तर ठेवा, न्हाई तर माघारी नेतो. आमाला काय जड न्हाई तो." आज शनिवार, आणि भाऊ बांधावर येऊन बसला होता.

इंजिनाचं टायमिंग मीच जुळवलं होतं. टायमिंग म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात पिस्टन वरखाली होतो. त्याच्या तालावर दोन व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. एक हवा घेतो, एक धूर सोडतो. हा ताल दोन गिअर सांभाळतात. त्यांच्या दातांवर ठोकून केलेली खूण असते. खुणेसमोर खूण लावायची, झालं. मी ती बोटानं शोधतो.

"खूण बरोबर हाय," मी म्हणालो.

"उस्ताद, मला न्हाई वाटत. पिस्टन वर यायच्या आधीच धुराचा व्हॉल्व्ह मिटतोय."

"ही तोफ न्हाई, नामदेव."

"तोफ असती तर एव्हाना सुटली असती."

भाऊ खो खो हसला. माझं डोकं तापलं. पण नामदेव ऐकेना. त्यानं डिझेल फवारणारा इंजेक्टर काढायला लावला, त्या भोकातून तार पिस्टनवर टेकवली, दुसऱ्या हाताची बोटं व्हॉल्व्हवर ठेवली. "फिरवा. हळू. अजून हळू. थांबा."

व्हॉल्व्ह मिटला होता. तार मात्र अजून वर चढत होती. मी स्वतः बोट लावून पाहिलं. पोरगा खरं बोलत होता. एका दाताचा फरक.

"बापू," नामदेवनं विचारलं, "गिअरवर कुठं रंग लावलाय का?"

"हाय की. दोन्हीकडं एकेका दाताला तांबडा. आदल्या मिस्त्रीनं गिअर बदलला, तवा लावला."

"आन् बोलला का न्हाई?" मी ओरडलो.

"तुमीच म्हनला, काम चालू असताना गिऱ्हाइकानं तोंड उघडायचं न्हाई."

म्हणालो होतो खरा. मी ज्याला खूण समजत होतो तो छिन्नीचा जुना घाव होता.

बापूंनी आमची बोटं धरून तांबड्या दातांवर ठेवली. दातासमोर दात लावला. जोडलं. मी हँडल मारलं, नामदेवनं व्हॉल्व्ह उघडा धरणारा लिव्हर वेळेवर पाडला. पहिल्याच झटक्याला इंजीन धडाडलं. पाणी पाटात पडल्याचा आवाज आला आणि मी त्या चिखलात बसकण मारून हसत सुटलो. नामदेव माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता.

भाऊ जवळ आला. "हा दोन वक्ताला सहा भाकरी खातो," तो मला म्हणाला. "परवडंल का तुमाला?"

"बघू," मी म्हणालो.

त्यातून मी एवढंच शिकलो, की डोळस माणूस जवळ असला तर त्यालाही कामाला लावावं. विचारलं तर सांगतो बिचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेंटर बोलावला आणि दुकानाच्या पाटीवर नामदेवचं नाव माझ्या नावाखाली लिहायला लावलं. अक्षरं माझ्याएवढीच आहेत का, हे नामदेवनं ओल्या रंगावर बोटं फिरवून तपासलं. पेंटरनं आम्हाला दोघांना शिव्या घातल्या आणि सगळी पाटी पुन्हा रंगवली.