हरकत सौम्य करून मिळणार नाही

ज्या कचेरीत मी आवक कारकून होतो, तिच्या आवारात एक अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसत. भांडणासाठी त्यांचे इंग्रजी शब्द ठरलेले होते. भावाभावांत ‘डिफरन्स’, बांधावरून ‘डिस्प्यूट’ आणि सरकारशी फक्त ‘ऑब्जेक्शन’. त्यात ते कुणाचंही ऐकत नसत.

एकदा नेरडीगोंड्याकडच्या एका म्हातारीचं वावर नव्या मोजणीत गावच्या एका पुढाऱ्याच्या नावावर चढलं. त्या दिवशी हरकत नोंदली तरच सुनावणी मिळणार होती. अर्जाची कुणकुण लागताच साहेब स्वतः बाहेर आले.

“ऑब्जेक्शन काढून टाका. मिसअंडरस्टँडिंग लिहा, सभ्य वाटतं.”

अर्जनवीस म्हातारीकडे वळले. “मावशी, साहेब म्हणतात तुमचा गैरसमज झाला.”

“गैरसमज काऊन होईन? वावर माह्यं हाय!”

“पाहा साहेब, मावशी पुरतं समजूनच भांडून राह्यली.”

“उद्यापासून या आवारात बसायचं नाही!”

“बरं,” म्हणत त्यांनी मशीनवर दुसरा कागद चढवला आणि या हुकुमाविरुद्ध स्वतःच्या नावाने अर्ज टाइप केला.

साहेबांच्या देखत मी दोन्ही ऑब्जेक्शनं आवक वहीत एकाखाली एक नोंदवली.