लाल रेषेच्या वर गेलेली काच

२०२१ साल. मी बासष्ट वर्षांचा. वाडीकडच्या एका खाजगी लॅबमध्ये अटेंडन्ट. त्या दिवशी नवीन हूड घ्यायची मीटिंग होती आणि मी चहा घेऊन आत गेलो होतो.

हूड म्हणजे समोर काच असलेलं मोठं कपाट. आतली वाफ पंखा ओढतो, छतावर फेकतो. मातीचे नमुने आम्ही त्यात ॲसिडमध्ये उकळायचो. उकळणार आम्ही, रिपोर्टवर सही लॅबच्या साहेबाची.

विकणारा दोन चित्रं दाखवत होता. एकाची काच वर-खाली जाणारी. दुसऱ्याच्या काचा खिडकीसारख्या बाजूला सरकणाऱ्या. माझ्यानं राहवलं नाही.

"साहेब, बाजूले सरकणारी घ्या. एक काच तोंडासमोर राहते, दोन्हीकडून हात घालता येते. उडालं तर काचेवर उडते."

साहेब हसले. "घ्या! चौथी पास आता आपल्याला हूड निवडून देणार. तू फरशी पूस बाबा. काचेचं आम्ही पाहतो."

सगळे हसले. विकणाराही. तीस वर्षं ॲसिड हुंगलं मी. त्या टेबलावरच्या एकानंही कधी हातमोजा चढवला नव्हता. मी कप गोळा केले नि बाहेर आलो.

वर-खालीवाला हूड आला. साहेब लोक जेवायला गेलेले, म्हणून बसवणाऱ्या मेकॅनिकनं मलाच समजावलं. काचेखाली कागदाची पट्टी धरली. चौकटीवर लाल रेष होती. काच त्या रेषेपर्यंत खाली, तर पट्टी आत ओढली जाते. काच रेषेच्या वर, तर पट्टी नुसती लोंबते, म्हणजे वाफ बाहेर तोंडावर. "काका, भांडं मांडा, मग काच रेषेपर्यंत खाली. डोकं आत घालायचं नाही." रेषेवर एक खुंटी होती. ती दाबून धरल्याशिवाय काच तिच्या वर जायची नाही.

आठ दिवसांत साहेबांचा हुकूम. "खुंटी काढ. खाली-वर करण्यात वेळ जातो."

मला बोलता आलं असतं. पट्टी धरून दाखवता आली असती. नाही बोललो. मनात म्हटलं, तुम्हाले समजते ना काचेतलं, भोगा मग. स्क्रू ढिले केले, खुंटी माझ्या हातानं काढली. भोगणारे साहेब नव्हतेच. त्या रागात एवढंही सुचलं नाही.

माझ्यासोबत शकुन उकळायचं काम करायची. चाळिशीची, तोंडाची फटकळ. दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "काका, काच एवढी वर चालते का? माये डोळे चरचरून राहिले."

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "मले काहून विचारते वं? मी चौथी पास. साहेबाले विचार."

"बापा! रुसायले बरं जमते तुम्हाले," म्हणाली नि कामाला लागली.

दुपारी फ्लास्कमधलं ॲसिड उसळलं. काच वर. सगळं तिच्या तोंडावर. मी तिचं डोकं नळाखाली धरलं. ती ओरडत होती, मी धरूनच होतो. धंतोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला.

संध्याकाळी साहेबांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. मी अडखळत वाचतो. पण वाचला. शकुननं स्वतः खुंटी काढली, स्वतः काच वर नेली, असं लिहिलं होतं.

"कर सही. तुझं नाव कुठंच नाही यात."

"नाही करत."

"नोकरी नको का?"

"खुंटी म्या काढली. तुम्ही सांगितलं, म्या काढली."

साहेबांनी माझा अपमान केला, तो घटकाभराचा. मी तो कुरवाळत बसलो. शकुनचा डोळा त्यात गेला. हे माझं आहे. हे मी साहेबांच्या माथी मारत नाही. त्यांचं ते त्यांच्या माथी.

रात्रभर लिहिलं. तीनच ओळी जमल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसात गेलो. बाबूनं कागद परत सरकवला. "टाईप करून आणा. हे अक्षर वाचता येत नाही."

"मी वाचून दाखवतो."

खिडकीसमोर उभं राहून मोठ्यानं वाचलं. खुंटी मी काढली. साहेबांनी काढायला लावली, तिथं त्यांचं पूर्ण नाव घेतलं. शकुननं मला विचारलं होतं, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

पोचेचा शिक्का पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.