तिसरा कंट्रोलर

वेल्डिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचत्यात. एक लोखंडाचा चुरा आन दुसरं किस्सं. चुरा भंगारवाला न्हेतो. किस्सं कोण न्हेणार? म्हणून सांगतो. फकस्त मधी बोलू नगा, माझं डोकं लवकर सरकतंय.

माझं दुकान कळंबच्या वाटंवर हाय. फाटकं, जिनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे मोडलं ते जोडतो. शाळा सातवीपस्तोर. पर गेमातलं इचारा, कुणालाबी ऐकत न्हाय म्या. दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्ही हाय, त्याच्याखाली गेमचा कन्सोल. आमी त्याला डबा म्हणतो. तिघांनी मिळून जुना घेतलेला. एक म्या, दत्ता. दुसरा बशीरभाई, शेजारीच त्याचं मोटार भरायचं दुकान, जळालेल्या पाण्याच्या मोटारीला नवी तार गुंडाळून देतो. तिसरे नामदेवअण्णा, यष्टीचे रिटायर ड्रायव्हर. आख्ख्या नोकरीत एक ॲक्सिडेंट न्हाय आन एक शिवी न्हाय. रस्त्यात म्हैस आडवी आली तरी "बाई, सरक" म्हणायचे.

खरं सांगतो, डबा यायच्या आधी माझ्याकडं कुत्रंबी बसत नव्हतं. गिऱ्हाईक बाहीरनंच वरडायचं, "दत्ताभाऊ, फाटक झालं का?" आन आत न येताच जायचं. बायको म्हणायची, "तुमचं तोंड बघून माणूस वाट बदलतंय." डबा आला तवापासून सांच्याला दोन माणसं माझ्याकडं बसत्यात, च्या पित्यात, हसत्यात. ती डब्यासाठी येत्यात, माझ्यासाठी न्हाय, हे मला म्हाईत हाय. म्हणून तर तो डबा हितंच ऱ्हायला पायजे.

पर गेम काढणाऱ्या कंपन्यांना हे कोण सांगणार?

*

पयला किस्सा डिस्कचा. कळंबातनं नवा गेम आणला. डब्बी बघा, एकदम चकाचक! तिघं हात धुऊन बसलो. डिस्क घातली. टीव्हीवर आलं, आधी गेम डाउनलोड करा.

म्या म्हणलं, "मंग ह्या डिस्कमधी काय हाय?"

बशीरभाई म्हणला, "ह्याच्यात गेमचा पत्ता हाय, दत्ताभाऊ. गेम आपुन जाऊन आणायचा."

आमच्याकडं रेंज फकस्त पाण्याच्या टाकीवर येते. चार दिस बशीरभाईचा मोबाईल टाकीच्या कठड्याला बांधून ठिवला आन डबा टाकीखालच्या व्हॉल्वच्या खोलीत न्हेऊन लावला. गावात बोंब झाली, टाकीत कायतरी मिसळायलेत! ग्रामपंचायतीचा शिपाई टॉर्च घिऊन आला. अण्णांनी त्याला शांतपणे सांगितलं, "बाबा, गेम उतरवायलाव."

त्यो म्हणला, "उतरवा, पर पाण्यात पडू देऊ नगा."

पाचव्या दिशी गेम उतरला. रेंजसाठी टाकीपासनं दुकानापस्तोर वायर वढली आन डबा परत आणला. बटण दाबलं. टीव्हीवर आलं, सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद हाय, नंतर या.

आता मला सांगा, गेम एकट्यानं खेळायचा. एकटा माणूस, एकटा घोडा, समोर डोंगर. ह्याच्यात सर्व्हर कशाला पायजे? म्या भाकरी खाताना सरपंचाला इचारतो का, घास घिऊ का म्हणून?

हातातला बटणांचा कंट्रोलर ऐरणीवर आपटला. तेरखेड्याचा फटाका फुटावा तसा फुटला. हा पयला.

*

अण्णांना गाडीच्या रेसचा गेम लई आवडतो. लाल गाडी, परदेशातला रस्ता, दोनशेचा स्पीड. अण्णा मातर चाळीसवर. वळणाआधी हॉर्न. पुलावर गिअर कमी. सिग्नल लागला की थांबणार.

म्या वरडलो, "अण्णा, रेस हाय! ह्यो सिग्नल शोभंचा हाय!"

अण्णा म्हणले, "शोभंचा असला तरी लाल हाय."

पयला नंबर आलेला गडी बक्षीस घिऊन घरी गेला आसल, तवा अण्णा अर्ध्या रस्त्यात. एकदा तर रस्त्याच्या कडंला माणसं हात वर करून उभी दिसली. प्रेक्षक हुते ते, टाळ्या वाजवायला. अण्णांनी त्यांच्याजवळ गाडी नीट बाजूला घेतली आन थांबवली. मागनं सात गाड्या भर्रकन गेल्या.

"आता काय झालं?"

"हात केला की त्यांनी," अण्णा म्हणले. "चढू दे की."

*

बशीरभाईचा नाद फुटबॉल. त्या गेमात खेळाडू पाकिटात मिळत्यात. पाकीट फोडल्याबिगर आत कोण हाय ते कळत न्हाय. पैसं टाकून फोडायचं! जत्रंत चिठ्ठी उचलत्यात, तसाच परकार. पर जत्रंत निदान साबणाची वडी तरी लागते, आंघोळ व्हते.

बशीरभाईच्या नशिबाला समदे गोलकीपर! पयल्या पाकिटात गोलकीपर. दुसऱ्यात गोलकीपर. तिसऱ्यात तोच गोलकीपर, नुसती चड्डी येगळी.

म्या म्हणलं, "कंपनीला फोन लाव, म्या बोलतो."

"नको भाई, तू बोलला तर माझं खातं बंद व्हईल," बशीरभाई म्हणला. आन त्यानं अकराच्या अकरा गोलकीपर मैदानात उतरवले.

म्हणला, "या अल्ला, अकरा गोलकीपर असल्यावर गोल कसा व्हईल?"

सात झाले.

*

आता माझा सोताचा. म्या कुस्तीवाला. म्हणून कुस्तीचा गेम घेतला. त्यात एक काळा तगडा पैलवान हुता, डिट्टो आमच्या तालमीच्या वस्तादावानी. म्हणलं, ह्यालाच घेणार. बटण दाबलं तर कुलूप. हा पैलवान सुटा इकत घ्या!

बरं बाबा, घेतला. पैलवान आला आखाड्यात. आन अंगावर काय? फुलाफुलाची पँट! वस्तादाला अशी पँट घातली तर वस्ताद मलाच उचलून आपटंल. म्या शोधत शोधत गेलो तर लंगोटासारखी एक चड्डी सापडली. तिलाबी कुलूप. ती सुटी इकत घ्या!

म्हंजे आधी गेम घ्या, मंग गेममधला पैलवान घ्या, मंग पैलवानाची चड्डी घ्या. अरे, म्या फाटक करून देतो तवा गिऱ्हाइकाला म्हणतो का, कडी पुढच्या म्हैन्यात सुटी मिळंल म्हणून? गाव मला त्याच फाटकात आडवा करून जाईल!

दुसरा कंट्रोलर दारातनं बाहीर गेला आन रस्त्यावरनं जाणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडला.

त्या दिशी अण्णा उठून उभं ऱ्हायले. आवाज न्हाय चढवला. म्हणले, "दत्ता, आणखी एक फुटला की डबा माझ्या घरी. आमी तिथंच बसू. तू तुझं वेल्डिंग कर."

बशीरभाईनं खाली बघितलं. त्यो माझ्या बाजूनं बोलंल असं मला वाटलं हुतं. त्यो रस्त्यावरचे तुकडे गोळा करायला गेला.

*

बशीरभाईनं मंग दोन्ही फुटक्या कंट्रोलरचं एक केलं. मोटारीची तार, एम-सील, आन एका बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. चालला! फकस्त डावीकडं ओढायचा. काय बी न करता माणूस आपला डावीकडं चालायला लागायचा.

म्या म्हणलं, "ह्यो डावीकडं जातोय."

बशीरभाई म्हणला, "कंपनीचा कोराबी सा म्हैन्यात असाच डावीकडं जातो. त्यांचा गॅरंटीचा हाय, माझा बिनगॅरंटीचा."

हे मातर खरं हाय. चांगल्या मालाला सा म्हैन्यात वाकडं चालायची सवय लागती, आन कंपनी म्हणती, नवा घ्या. माझं फाटक सा म्हैन्यात वाकडं झालं तर?

अण्णा तो डावीकडं वढणारा कंट्रोलर घिऊन रेस खेळले. म्हणले, "बरं हाय, आपली बाजू सोडत न्हाय गाडी."

*

आता शेवटचा. शेतीचा गेम.

ह्या गेमात ट्रॅक्टर, नांगर, पेरणी, समदं हाय. रानडुकरं न्हाईत, लाईट जात न्हाय, आन भाऊबंद न्हाईत. म्या तवाच म्हणलं हुतं, भाऊबंदाबिगर शेती म्हंजे मिठाबिगर वरण. पर ह्यो गेम इंटरनेटवरनं दुसऱ्याबरूबर खेळता येतो. टाकीपासनं वायर वढून घेतली हुती, रेंजचं काम झालं हुतं. माझ्या शेजारचं रान निघालं जर्मनीच्या एका गड्याचं. नाव युर्गन. गरीब माणूस, म्हंजे सोभावानं. माझा ट्रॅक्टर खड्ड्यात पलटी झाला तर त्यानं येऊन काढून दिला. वर आपलं रान मला खुलं करून ठिवलं, कधीबी या, मदत लागली तर.

आता काय सांगू! नांगर माझ्या हातात, बांध समोर, आन मालक झोपलेला. हात आपोआप गेला. वीतभर बांध कोरला. दुसऱ्या दिशी आणखी वीतभर. सा दिस झाले. माझं रान फुगलं.

सातव्या दिशी त्याचा निरोप आला. बशीरभाईनं मोबाईल टीव्हीपुढं धरून मराठीत करून वाचला, "शेजारी, तुमचं शेत मोठं होत आहे असं मला वाटतं."

म्या लिवायला लावलं, "पावसानं बांध वाहून गेला."

बशीरभाई म्हणला, "गेमात पाऊसच झाला न्हाय भाऊ."

"लिव तू!"

दुसऱ्या दिशी डबा लावला आन बघतो तर काय, बांध माझ्या बाजूनं कोरलेला! वीतभर न्हाय, चांगला हातभर! मस्तकात आग गेली.

"माझ्या बापजाद्याचा बांध हाय त्यो!"

"भाऊ, रान तू मागल्या मंगळवारी घेतलंय," बशीरभाई म्हणला.

कंट्रोलर माझ्या हातात हुता. एकुलता एक चांगलावाला. हात वर गेला. दोघंबी माझ्या हाताकडं बघायला लागले. मला वाटलं, आता ही दोन माणसं अण्णांच्या घरी बसणार, आन म्या हितं चुऱ्याबरूबर. म्या हात खाली घेतला. कंट्रोलर हळूच गादीवर ठिवला, तान्हं लेकरू ठेवावं तसा. घाम आला मला! जिंदगीत पयल्यांदा रागात कायतरी खाली ठिवलं असंल.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठिवला. म्हणले, "शाब्बास. भांडायचं न्हाय. रीतसर मोजणी करू."

माझ्या दुकानातला लोखंडी टेप आणला. बशीरभाईनं एक टोक टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं, अण्णांनी दुसरं बांधावर. म्या दाराच्या पत्र्यावर खडूनं आकडा लिवला. मंग वहीच्या पानावर पंचनामा. उत्तरंला रस्ता, दक्षिणंला वढा, पश्चिमंला युर्गनराव. पंच म्हणून बशीरभाईची सही, अण्णांची सही. टेप धरलेल्या अण्णांचा आन पंचनाम्याचा फोटू काढून पाठवला जर्मनीला.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. फोटूच हुता. एका खोलीत टीव्ही, टीव्हीवर आमचाच बांध, आन एक टकला म्हातारा टीव्हीला टेप लावून उभा. खाली लिवलेलं बशीरभाईनं वाचलं, "हे माझे सासरे. आयुष्यभर बस चालवली. ते म्हणतात, तुमच्या मोजणीवर सही करणाऱ्या म्हाताऱ्याला टेप धरता येत नाही."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोटू जवळ घिऊन बघितला. गादीवरचा कंट्रोलर उचलला.

आन दिला भिंतीवर!

बटणं माझ्या च्यात पडली. म्या बशीरभाईकडं बघितलं. बशीरभाईनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या हातात अजून पंचनाम्याचा पेन हुता.

म्या उठलो आन गपगुमान डब्याची वायर काढायला लागलो. काय करणार, ठरलं हुतं तसं. तिसरा फुटला की डबा अण्णांच्या घरी.

अण्णा खाली बसले. माझ्या हातातली वायर घेतली, परत टीव्हीला खोचली. मंग बशीरभाईकडं वळून म्हणले,

"ह्ये पंचनाम्यात लिवायचं न्हाय."