फळ्यावरचा हुतूतू

पनवेलच्या आमच्या वाचनालयाबाहेर ड्रॉइंगमास्तर रोज सकाळी फळ्यावर विधानसभा खेळवत. मी तिथला ग्रंथपाल. मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो, ते ऐकता ऐकता खडूला टोक काढायचे. मंत्री लंगोट कसून चढाईला निघालेले, विरोधक पाय धरायला टपलेले. "ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळलं पाहिजे," हा त्यांचा हट्ट. बाजाराला निघालेल्या कोळणी टोपली उतरवून हसल्या, की स्वारी दिवसभर खूश.

कुणी रागावलंच तर म्हणत, "खडू आहे हो, उद्या पुसला जाईल."

आमचे आमदार खाडीपलीकडच्या गावचे. तरुणपणी दोघं एकाच संघात हुतूतू खेळलेले, म्हणून मास्तर सगळ्यात जास्त त्यांनाच झोडपत. ते फळ्यापुढे उभे राहून म्हणत, "मास्तर, माजं पाय लय बारीक काडलंव!" मग दोघं चहाला जात.

त्या दिवशी कुळांच्या जमिनीचं विधेयक थोडक्या मतांनी पडल्याची बातमी होती. गैरहजरांत मी आमदारांचं नाव वाचलं. याच विधेयकाचं वचन देऊन हा माणूस गावोगाव फिरला होता. मास्तरांनी रागारागानं चित्र काढलं: आत जिवाची झोंबी चाललेली आणि आमदार रेघेबाहेर, सगळ्यांचे कपडे राखत बसलेले. इतका हुबेहूब चेहरा त्यांना कधी साधला नव्हता. मीही हसलो.

दुपारी आमदारांची बायको मुंबईची एस.टी. पकडायला आली. तिला वाचता येत नव्हतं. ती फळ्यापुढे थबकली.

"हे आमचंच ना?" ती म्हणाली. "मत द्यायला चाललं व्हतं, सभेच्या पायरीवर पडलं. दवाखान्यान हायेत. मास्तर, तुमी नुसता इचारला पन नाय?"

मास्तरांनी ओल्या फडक्यानं फळा तीनदा पुसला. तिसऱ्या दिवशी आमदार गेले.

त्यानंतर मास्तर रोज यायचे, कोरा फळा धुवायचे, बातम्या ऐकायचे आणि निघून जायचे. मी एकदा खडू पुढे केला. "तिनं ओळखलं हो त्याला," एवढंच म्हणाले.

ते नाव मी वाचलं होतं. चौकशी करायचं मलाही सुचलं नव्हतं. मास्तरांनी मला कधी बोल लावला नाही, आणि मला अजून तेच सोसत नाही.